पेटी आहे, पण किल्ली?



या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. तो लिहितो, "बाई, आमच्या घरच्या संगणकावर लिनक्स आहे. बाबांनी बरीच वर्षं आमच्या फोटोंचा आणि आजीच्या आवाजातल्या ओव्यांचा बॅकअप घेऊन ठेवला होता. जुना संगणक बिघडला. नवा आणला, त्यावर लिनक्सची नवी आवृत्ती घातली. बॅकअपची डिस्क जोडली, तर आत एकही फोटो दिसेना! नुसत्या चमत्कारिक नावांच्या फाइली. ज्या सॉफ्टवेअरनं बॅकअप घेतला होता, ते शोधलं तर नव्या आवृत्तीत ते मिळतच नाही. आजी आता नाही. बॅकअप आहे, पण ओव्या नाहीत. असं कसं?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. उत्तर जरा लांबलचक आहे, तेव्हा सावकाश वाचा. आणि आई-बाबांनाही वाचायला द्या बरं का, कारण घरचा बॅकअप बहुतेक तेच घेतात.

पुडकी आणि भांडार

आधी थोडी उजळणी करू. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं एक 'कर्नेल' लिहायला घेतला. कर्नेल म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. तोच लिनक्स. पण नुसत्या गाभ्यानं भागत नाही. नुसतं इंजिन घेऊन कुणी गावाला जातं का? त्याला चाकं हवीत, दिवे हवेत, बसायला जागा हवी. लिनक्सच्या गाभ्याला हजारो सॉफ्टवेअर जोडून जो पुरा संच तयार होतो, त्याला 'डिस्ट्रिब्युशन' म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, लिनक्स मिंट ही अशीच डिस्ट्रिब्युशनं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं २००७ साली 'बॉस' नावाचं भारतीय डिस्ट्रिब्युशन आणलं. तेही डेबियनवरच बेतलेलं आहे.

या संचातलं प्रत्येक सॉफ्टवेअर एकेका पुडक्यात बांधलेलं असतं. त्या पुडक्याला म्हणतात 'पॅकेज'. पुडक्यावर जणू एक चिठ्ठी असते. त्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: सॉफ्टवेअरचं नाव, त्याची आवृत्ती आणि ते चालायला आणखी कोणकोणती पुडकी लागतात. ही तिसरी नोंद लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. अशी सगळी पुडकी एका मोठ्या भांडारात ठेवलेली असतात. तुम्ही नाव सांगायचं, संगणक इंटरनेटवरून भांडारात जाऊन पुडकं आणतो आणि उघडून बसवतो.

आता खरी गंमत. हे भांडार कायमचं एकच नसतं. डिस्ट्रिब्युशनची नवी आवृत्ती निघाली की तिचं भांडार नव्यानं भरतं. जुनं सगळंच त्यात येतं असं मुळीच नाही.

खेळण्यांची नावं

हे कसं होतं ते डेबियनच्या उदाहरणानं पाहू. इयन मरडॉक या तरुणानं १९९३ साली डेबियन सुरू केलं. त्याच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा. डेब्रा आणि इयन मिळून झालं डेबियन! जगभरातले स्वयंसेवक ते बनवतात.

डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात. २०१७ सालची आवृत्ती 'स्ट्रेच', २०१९ ची 'बस्टर', २०२१ ची 'बुल्सआय', २०२३ ची 'बुकवर्म' आणि २०२५ ची 'ट्रिक्सी'. चित्रपटातला शेजारचा द्वाड मुलगा आठवतो? खेळणी मोडणारा सिड? डेबियनच्या ज्या विभागात नवी, अजून न पारखलेली पुडकी येऊन पडतात, त्या विभागाचं नाव कायम 'सिड' असतं. इथं काहीही मोडू शकतं, असा त्याचा अर्थ!

नवं पुडकं आधी सिडमध्ये येतं. काही दिवस गेले आणि कुणाला त्यात मोठा दोष सापडला नाही, की ते परीक्षेच्या विभागात जातं. त्याला 'टेस्टिंग' म्हणतात. साधारण दोन वर्षांनी या विभागाचे दरवाजे हळूहळू बंद करतात. त्यानंतर दोष काढायचे, नवीन काही घालायचं नाही. ज्या पुडक्यातला गंभीर दोष कुणीच दुरुस्त करत नाही, ते बाहेर काढलं जातं. उरलेल्यांची मिळून पक्की आवृत्ती निघते. तिला 'स्टेबल' म्हणतात. पुडकं सांभाळणारा स्वयंसेवक मिळाला नाही, मूळ लेखकानंच सॉफ्टवेअर सोडून दिलं, किंवा चिठ्ठीवरचं दुसरं पुडकं नाहीसं झालं, तरीही ते गळू शकतं.

किती पुडकी गळतात? आकडे ऐकून थक्क व्हाल. बुकवर्ममध्ये ६४ हजारांवर पॅकेजेस होती. पण ती तयार करताना कालबाह्य म्हणून ६ हजारांहून अधिक पॅकेजेस काढून टाकली होती. ट्रिक्सीमध्ये ६९ हजारांवर पॅकेजेस आली आणि ८ हजारांहून अधिक गळाली.

एखादा खेळ गळला तर आपण दुसरा खेळ खेळू. चित्र काढायचं सॉफ्टवेअर गळलं तर दुसरं घेऊ. पण बॅकअपचं सॉफ्टवेअर गळलं तर? त्यानं बांधलेली पेटी आपल्या हातात आणि ती उघडणारी किल्ली मात्र गेलेली!

दोन तऱ्हेच्या प्रती

पण थांबा. सगळेच बॅकअप पेटीत बंद नसतात. प्रती दोन तऱ्हेच्या असतात.

पहिली तऱ्हा साधी प्रत. 'आरसिंक' नावाचं सॉफ्टवेअर हे काम करतं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी ऑस्ट्रेलियात ते लिहिलं, १९९६ साली प्रसिद्ध केलं. समजा, एक लांबलचक निबंध तुमच्या वहीत आहे आणि त्याचीच प्रत मावशीच्या वहीत. तुम्ही दोन ओळी बदलल्यात. मावशीला फोनवर अख्खा निबंध पुन्हा सांगाल का? नाही, बदललेल्या दोन ओळी तेवढ्या सांगाल. आरसिंकही तेच करतं. दुसरीकडची प्रत आपल्या तुकड्यांचे छोटे छोटे ठसे पाठवते, इकडचा संगणक ते पडताळून पाहतो आणि जे तुकडे जुळत नाहीत तेवढेच पाठवतो. शेवटी जी प्रत तयार होते, ती असते साध्यासुध्या फाइलींची. फोटो फोटोच राहतो. तो उघडायला आरसिंक लागतच नाही.

मग सगळ्यांनी हेच का वापरू नये? कारण साध्या प्रतीला आठवण नसते. आज चुकून निबंधावर शाई सांडली आणि संध्याकाळी प्रत अद्ययावत केली, की मावशीच्या वहीतही शाई!

म्हणून दुसरी तऱ्हा, पेटीची. यात रोजचा बॅकअप वेगळा जपला जातो. मंगळवारी बिघडलेली फाइल सोमवारच्या बॅकअपमधून काढता येते. मग जागा किती लागेल? इथंच हुशारी आहे. हे सॉफ्टवेअर फाइलींचे तुकडे करतं, सारखा तुकडा एकदाच ठेवतं आणि कुठला तुकडा कुठल्या दिवशी कुठल्या फाइलीत होता याची यादी करतं. हवं तर सगळं कुलूपबंदही करतं. 'बोर्ग', 'रेस्टिक' ही अशी सॉफ्टवेअर. जागा वाचते, जुन्या प्रती मिळतात. पण डिस्क उघडून पाहिली तर दिसतात ते नुसते तुकडे. यादी वाचून ते तुकडे पुन्हा जोडणारं सॉफ्टवेअर हवंच. आपल्या मित्राला चमत्कारिक नावांच्या फाइली का दिसल्या, आलं ना लक्षात?

दोन खऱ्या गोष्टी

मित्रानं आपल्या सॉफ्टवेअरचं नाव कळवलेलं नाही. पण अगदी असंच घडलेली एक गोष्ट सांगते.

लिनसचा हेलसिंकी विद्यापीठातला एक मित्र होता, लार्स विर्झेनियस. त्यानं 'ऑबनॅम' नावाचं पेटीच्या तऱ्हेचं बॅकअप सॉफ्टवेअर लिहिलं. २०१२ साली त्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली. ते डेबियनच्या भांडारात होतं. जून २०१७ मध्ये निघालेल्या स्ट्रेचमध्येही होतं. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लार्सनं जाहीर केलं की, ऑबनॅमचं काम मी थांबवतो आहे. २०१९ च्या बस्टरमध्ये ऑबनॅम नव्हतं.

लार्सला दोष द्यायचा का? मुळीच नाही. आपल्या वेळात लिहिलेलं, सगळ्यांना मोकळेपणानं दिलेलं काम होतं ते. शिवाय तो गुपचूप निघून गेला नाही, त्यानं जाहीर सांगितलं. ज्यांनी ते ऐकलं, त्यांच्या हाताशी स्ट्रेच होतं, म्हणजे किल्ली होती. पेटी उघडून सामान दुसऱ्या पेटीत भरायला त्यांना पुरेसा वेळ मिळाला. ज्यांनी ऐकलं नाही आणि एक दिवस थेट नवी आवृत्ती घातली, त्यांच्या हाती उरली नुसती पेटी.

दुसरी गोष्ट 'आरडिफ-बॅकअप'ची. हे पायथन भाषेत लिहिलेलं आहे. २००९ साली त्याची १.२.८ ही आवृत्ती निघाली आणि मग वर्षानुवर्षं पुढची पक्की आवृत्ती आलीच नाही. तरी ते चालत होतं, म्हणून कुणी काळजी केली नाही. पण जुनी पायथन २ भाषा १ जानेवारी २०२० पासून सांभाळली जाणार नाही, असं तिच्या निर्मात्यांनी ठरवलं. डेबियननंही पायथन २ वर उभी असलेली पुडकी काढायला घेतली. चिठ्ठीवरची तिसरी नोंद आठवली ना? खालची वीट निघाली की वरची पडणार!

पण या वेळी काही लोक पुढं आले. त्यांनी सॉफ्टवेअर नव्या पायथन ३ मध्ये आणलं. मार्च २०२० मध्ये २.०.० आवृत्ती निघाली आणि २०२१ च्या बुल्सआयमध्ये आरडिफ-बॅकअप टिकलं. नवी आवृत्ती जुन्या पेट्याही उघडू शकत होती. एकच अडचण होती. दोन संगणकांमध्ये बॅकअप घ्यायचा, आणि एकावर जुनी १.२.८, दुसऱ्यावर नवी २.०, असं असेल तर दोघांचं जमत नसे. दोन्हीकडे एकाच पिढीची आवृत्ती लागे.

दोन्ही गोष्टींचं सार एकच. पेटी पुढची कितीही वर्षं टिकेल. किल्ली टिकते ती तिच्यावर कुणीतरी काम करत असेल तर.

आता याउलट 'टार' पाहा. हे युनिक्स या प्रणालीत १९७९ साली आलं. 'टेप आर्काइव्ह' या दोन शब्दांचं ते लघुरूप. चुंबकीय टेपवर फाइली एकामागून एक रचून ठेवायच्या, एवढंच त्याचं काम. बांधणी इतकी साधी आणि सगळ्यांना ठाऊक, की चार दशकांनंतरही लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर टार आधीपासूनच असतं.

असणं, मिळणं आणि नसणं

आई-बाबांसाठी इथं एक गोष्ट स्पष्ट करते. "आमच्या लिनक्समध्ये बॅकअपची सोय आहे," या वाक्याचे दोन अर्थ होतात.

एक अर्थ, सॉफ्टवेअर आधीपासूनच बसवलेलं असणं. उदाहरणार्थ, ऑक्टोबर २०११ च्या उबुंटू ११.१० पासून 'देजा डूप' हे सोपं बॅकअप सॉफ्टवेअर उबुंटूसोबतच बसवलेलं येऊ लागलं. २०१७ च्या लिनक्स मिंट १८.३ मध्ये 'टाइमशिफ्ट' आलं. मात्र टाइमशिफ्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका! ते संगणकाच्या प्रणालीची प्रत ठेवतं. तुमचे फोटो आणि निबंध ते आपण होऊन जपत नाही.

दुसरा अर्थ, बसवलेलं नाही, पण भांडारात मिळतं. मागितलं की येतं. बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअर या गटात असतात.

आणि तिसरी अवस्था म्हणजे भांडारातही नाही. आपला मित्र अडकला तो इथं.

उबुंटूवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. उबुंटूची बहुतेक पुडकी डेबियनमधूनच येतात. विहीर आटली की पाटाला पाणी कुठून येणार? डेबियनमधून गळलेलं पुडकं काही काळानं उबुंटूमधूनही गळण्याचा संभव असतोच.

हरवलेली किल्ली सापडते का?

आता पत्र लिहिणाऱ्या मित्रासाठी. घाबरू नकोस, आणि ती डिस्क पुसू नकोस! त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नकोस.

लिनक्सच्या जगात एक फार चांगली पद्धत आहे. कचेरीत जशी जुन्या दप्तरांची खोली असते, तशी डेबियनचीही आहे. जुन्या आवृत्त्यांची भांडारं फेकून देत नाहीत, वेगळ्या जागी जपून ठेवतात. शिवाय डेबियनच्या भांडारात कोणत्या तारखेला काय काय होतं, याचीही साठवण २००५ सालापासून केलेली आहे. बाबांना सांग, दुसऱ्या एखाद्या जुन्या संगणकावर ज्या आवृत्तीत ते सॉफ्टवेअर होतं ती आवृत्ती घाला. संगणकाच्या आत दुसरा नकली संगणक चालवता येतो, त्यातही ती घालता येईल. मात्र इतकी जुनी आवृत्ती सुरक्षित राहिलेली नसते. म्हणून डिस्क जोडण्याआधी तिचं इंटरनेट बंद करा. मग डिस्क जोडा, सॉफ्टवेअरनं पेटी उघडा आणि फोटो व ओव्या साध्या फाइली म्हणून बाहेर काढा. पेटीला पासवर्ड घातला असेल तर तो मात्र लागेलच. तो हरवला तर कोणतंही भांडार कामाचं नाही. कुणा जाणकाराला शेजारी बसवून हे करा.

बाकीच्यांनी काय करायचं? तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा आजच हे करून ठेवा:

१. बॅकअपच्या डिस्कवर एक कागद चिकटवा. त्यावर बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं नाव, त्याची आवृत्ती, डिस्ट्रिब्युशनचं नाव-आवृत्ती आणि तारीख लिहा. पासवर्ड मात्र तिथं लिहू नका, तो वेगळा जपा.

२. नवी आवृत्ती घालण्याआधी तिच्या भांडारात आपलं बॅकअप सॉफ्टवेअर आहे का ते पाहा. डेबियन आणि उबुंटू या दोन्हींच्या संकेतस्थळांवर पॅकेजचं नाव टाकलं की कोणकोणत्या आवृत्तीत ते आहे हे दिसतं. दोन मिनिटांचं काम!

३. नसेल, तर जुना संगणक चालू असतानाच पेटी उघडा आणि सामान दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पेटीत भरा.

४. जे पुन्हा कधीच मिळणार नाही, त्याची एक साधी प्रतही ठेवा. परीक्षेचा तक्ता पुन्हा करता येईल. आजीच्या ओव्या पुन्हा कोण म्हणणार?

५. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत, बॅकअपमधून एक फाइल खरोखर बाहेर काढून पाहा. उघडली तरच बॅकअप आहे असं म्हणायचं.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कागद घ्या. त्यावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात घरातल्या ज्या ज्या गोष्टींचा बॅकअप आहे त्या लिहा: फोटो, आवाज, कागदपत्रं. दुसऱ्यात तो कोणत्या सॉफ्टवेअरनं घेतला ते लिहा. मोबाइलमधला असला तरी चालेल, प्रश्न तोच आहे. तिसऱ्यात लिहा, 'उघडून पाहिला' किंवा 'पाहिला नाही'. खरं खरं लिहा हं! मग तो कागद रात्री जेवताना सगळ्यांना वाचून दाखवा. तिसऱ्या रकान्यात 'पाहिला नाही' जास्त वेळा आलं, तर रविवारची सकाळ त्यासाठी राखून ठेवा.

तुमचे तक्ते मला पाठवा. पुढच्या आठवड्यात पासवर्ड जपायचा कसा, ते पाहू.